नात्याचा रकाना

मलात्याच्या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर
दर गुरुवारी समिती बसते.
पाच डॉक्टर, एक वकील,
आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला मी.

रक्ताच्या नात्याला आम्ही फारसं विचारत नाही.
आई, मावसभाऊ, नवरा, नवऱ्याची बहीण:
रकान्यात एक शब्द मावतो, शिक्का बसतो.
परकं माणूस आलं की मात्र
सगळ्यांच्या खुर्च्या पुढे सरकतात.

आज शेहमूस. वय चौतीस. बापाचं नाव रमो.
धंदा: जर्दाळू तोडणे, जून ते ऑगस्ट.
आणि उरलेलं वर्ष?
"कापूस. कांदा. जे पिकेल ते."
पत्ता विचारला तर आधी तंबूचा नंबर सांगितला,
मग आठवून गावाचं नाव.
कर्ज: आहे. मुकादमाचं.
आकडा मी तीनदा विचारला,
दर वेळी तो थोडा वाढत गेला.

घेणारी नेबाहत हानिम, एकसष्ट,
भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका.
चाळीस झाडं, एक जुनी पांढरी गाडी.
डोळे गंधकाची धुरी दिलेल्या जर्दाळूसारखे पिवळे.

वकिलाने विचारलं, तुम्ही यांचे कोण?
"कामगार."
मग?
"मग काय. चार वर्षांपूर्वी माझी बेरिवान तापली, रात्री.
मुकादम म्हणाला, सकाळी बघू.
बाईंनी गाडी काढली."

इथे तो थांबला.
मला वाटलं, आता वाचलेली मुलगी येईल.
अशा हकिकती मी खूप लिहिल्यात,
त्यांचे शेवट मला पाठ आहेत.

"जाताना बाई चालवत होत्या. येताना मी.
मला लायसन नाही, ते लिहू नका.
येताना बेरिवान बाईंच्या मांडीवर होती.
सगळी वाट त्या तिची टोपी सरळ करत होत्या."

लायसनचं मी लिहिलं नाही.

नेबाहत हानिम टेबलाकडे बघत म्हणाल्या,
"मी नको म्हटलं होतं याला. दोनदा.
तिसऱ्यांदा जीभ उचलली नाही.
जगावंसं वाटतं हो."

पैसे ठरलेत का?
नाही, म्हणाला तो. जरा घाईनेच म्हणाला.
किंवा गरिबाचं "नाही" आम्हाला नेहमी घाईचंच वाटतं.

मोठ्या डॉक्टरांनी समजावलं:
यकृताचा उजवा भाग, अर्ध्याहून जास्त.
काही महिन्यांत पुन्हा भरून येतं.
शेहमूस म्हणाला, "लेकराला आमच्याकडे
काळजाचा तुकडा म्हणतात, साहेब.
सगळंच नाही भरून येत."

कुणी मान वर केली नाही.
मीही नाही.

माझी पार्श्वभूमी या खोलीत कुणी विचारलेली नाही.
माझा भाऊ जेलाल, एलाझीला असायचा, घड्याळं दुरुस्त करायचा.
"सख्खी बहीण", रकाना एका फटक्यात भरला होता.
रक्त जुळलं, मापं जुळली.
मग मी डॉक्टरांना एकटीने भेटायचं म्हटलं.
त्यांनी पाणी दिलं, कारण विचारलं नाही,
आणि कागदावर लिहिलं: अयोग्य.
अशी एक दयाळू खोटी ओळ असते,
तिचा उगम फाइलमध्ये सापडत नाही.
जेलालने माझा हात धरून मलाच धीर दिला,
"तुझा काय दोष, वेडे."
त्या हिवाळ्यात त्याचं दुकान विकलं.
मुलं लहान होती वगैरे मी सांगते लोकांना.
भीती वाटली. बाकी काही नाही.

अध्यक्ष म्हणाले, नातं लिहून घ्या.
मी "कामगार"मधला "का" लिहिला
आणि पेन अडलं.
या अर्जावर खाडाखोड चालत नाही.

निर्णय पुढच्या गुरुवारी.
बाहेर बाकाजवळ तो बाईंचा कोट धरून उभा होता.
एक बाही उलटी झाली होती,
आत हात घालून ती तो ओढून काढत होता,
आणि त्या एक हात पुढे करून
थांबल्या होत्या.

रकान्यात अजून एकच अक्षर आहे.